वजनाशी वैर : मॅकलॅरेन एफ-वन

1988 सालच्या फॉर्म्युला वन मोसमात 16 शर्यती झाल्या आणि त्यांतल्या 15 मॅकलॅरेन संघाने जिंकल्या. हातची गेली ती एकच, मोंझाची इटालियन ग्रां प्री. त्या शर्यतीनंतर मिलानच्या लिनाते विमानतळावर विमानाला उशीर झाला. संघप्रमुख रॉन डेनिस, भागीदार मन्सूर ओजे, क्रेटन ब्राउन आणि तांत्रिक संचालक गॉर्डन मरे गप्पा मारत बसले. शर्यती जिंकून झाल्या, आता पुढे काय? रस्त्यावर चालवायची गाडी काढायची, असं त्या गप्पांत ठरलं. मरेंची एक जुनी हौस त्यामुळे मार्गी लागली.

मरे मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. त्यांचं डोकं मुळातच तिरकं चालतं. ब्रॅबम संघात असताना 1978 मध्ये त्यांनी गाडीच्या मागे भलामोठा पंखा बसवला. गाडीखालची हवा तो खेचून घेई आणि गाडी रस्त्याला चिकटून राही. निकी लाउडाने स्वीडनमधली शर्यत त्या गाडीत जिंकली. त्यानंतर ती गाडी शर्यतीत कधी उतरलीच नाही, इतका गदारोळ झाला.

एफ-वन नावाच्या या नव्या गाडीसाठी मरेंनी पहिलं वैर धरलं ते वजनाशी. सांगाडा पूर्ण कार्बन फायबरचा. रस्त्यावरच्या विक्रीच्या गाडीत तेव्हा असं क्वचितच होई. पॉवर स्टीअरिंग नाही, एबीएस नाही. ब्रेक दाबायला सर्व्होची मदत नाही, पायातच ताकद हवी. सीडी प्लेअर आहे, पण रेडिओ नाही. सोबतच्या पेटीतले पानेसुद्धा टायटॅनियमचे. एवढी काटकसर करून गाडी भरली 1138 किलो. आपल्याकडची मध्यम आकाराची सेडान आज साधारण तेवढीच भरते, आणि हिच्यात तर बारा सिलिंडरचं इंजिन, तीन माणसांची जागा आणि एसी होता.

इंजिनासाठी मरे आधी होंडाकडे गेले. होंडाने नकार दिला. मग बीएमडब्ल्यूचे पॉल रोशे पुढे आले. ब्रॅबमच्या दिवसांपासून दोघांची ओळख होती. रोशेंनी नवंकोरं 6.1 लिटरचं व्ही-12 बनवलं. ते मरेंनी मागितलं होतं त्याहून थोडं जड, 266 किलोचं निघालं. पण ताकद 627 अश्वशक्तीची होती, मागितल्यापेक्षा बरीच जास्त. टर्बो मरेंना नकोच होता. पाय दाबला की त्याच क्षणी गाडी उसळली पाहिजे, टर्बोची वाट बघत बसायला ते तयार नव्हते.

या इंजिनाची उष्णता शेजारच्या कार्बन फायबरला सोसणारी नव्हती. म्हणून इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा वर्ख लावला, कारण सोनं उष्णता परतवतं. एका गाडीला सुमारे 16 ग्रॅम, म्हणजे दीड तोळ्याच्या आसपास. झाकण उघडलं की बघणाऱ्याला ती श्रीमंती वाटते. मरेंच्या लेखी मात्र उष्णता अडवणारी ती सगळ्यांत हलकी वस्तू होती, बस.

ड्रायव्हर बसतो मधोमध, दोन्ही बाजूंना जरा मागे एकेक प्रवासी. समोरचा रस्ता दोन्हीकडे सारखा दिसतो, आणि पेडल्स चाकाच्या जागेमुळे एका बाजूला सरकवावी लागत नाहीत. मालकाच्या अंगाच्या मापाने सीट आणि पेडल्स बसवून मिळत. आत शिरणं मात्र कसरतच. वर उचलून उघडणाऱ्या दारातून बाजूच्या सीटवरून अंग चोरत मधे सरकायचं. नेसत्या साडीत हा प्रयोग कुणी करू नये.

वेगाचा विक्रम करावा म्हणून ही गाडी बनवलेली नव्हती. तरी 1998 च्या मार्चमध्ये, जर्मनीतल्या एरा-लेसिएनच्या ट्रॅकवर अँडी वॉलेस यांनी ती ताशी 386.4 किलोमीटरपर्यंत नेली. त्यासाठी इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा तेवढी वाढवली होती. पुढे 2005 मध्ये बुगाटी वेरॉनने 400 चा आकडा ओलांडला, पण चार टर्बो, 1001 अश्वशक्ती आणि 1888 किलो वजन घेऊन. दोन्ही आकडे शेजारी मांडले की मरेंचं गणित कळतं.

शर्यतीसाठीही ती बनवली नव्हती. गिऱ्हाइकांनी हट्ट धरला म्हणून तिची शर्यतीची आवृत्ती निघाली, आणि 1995 मध्ये ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीत, भर पावसात, जेजे लेह्टो, यानिक दालमास आणि मासानोरी सेकिया यांनी ती पहिली आणली. पहिल्या पाचांत चार गाड्या याच होत्या. शर्यतीसाठीच खास घडवलेल्या गाड्या मागे पडल्या.

धंद्याचा हिशेब मात्र बसला नाही. नव्वदीच्या सुरुवातीला जगभर मंदी, आणि गाडीची किंमत पाच लाख पौंडांच्या वर. 1998 पर्यंत सगळ्या आवृत्त्या मिळून 106 गाड्या निघाल्या; त्यांतल्या रस्त्यावरच्या नेहमीच्या गाड्या 64. 2021 मध्ये अमेरिकेत त्यांतल्या एकीला लिलावात 2 कोटी डॉलरहून जास्त भाव आला. दुरुस्तीची गंमत वेगळीच. गाडीच्या संगणकाशी बोलायला नव्वदच्या दशकातला जुना कॉम्पॅक लॅपटॉप लागे, आणि 2016 मध्येही मॅकलॅरेनचे मेकॅनिक तो जपून वापरत होते.

मरे थांबलेले नाहीत. 2020 मध्ये त्यांनी स्वतःच्या कंपनीची टी-50 जगापुढे आणली. वजन एक टनाहून कमी, टर्बोशिवायचं व्ही-12, हाताने बदलायचे सहा गिअर आणि मागे 40 सेंटिमीटरचा पंखा. रस्त्यावरच्या गाड्या फक्त 100, आणि किंमत तेव्हा कर सोडून 23 लाख 60 हजार पौंड होती.