आधी भरती, मग बुकिंग!

देवबागला कयाकिंगचं ठरलं, तेव्हा मी हॉटेलच्या आधी कालनिर्णय उघडलं. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ मिळते. द्वादशी असेल तर नऊ. म्हणजे सातला निघायचं, चढत्या पाण्याबरोबर कर्लीच्या खाडीत आत शिरायचं आणि नऊनंतर ओहोटीवर परत. हात निम्मेच दुखतात, बॉस! पौर्णिमा-अमावास्येचं उधाण मात्र मी टाळते. संगमावर ओहोटी थेट समुद्राकडे ओढते, समोरून लाटा येतात. तिथे आपल्या वल्ह्याचं काही चालत नाही. म्हणून उतरायची जागा संगमापासून बरीच आत. लाइफ जॅकेट घालायचंच, फोटो कसाही येवो. आणि नेमकी वेळ तिथल्या होडीवाल्या काकांनाच विचारा. मुंबईची भरती मालवणात चालत नाही.