हरवलेल्या चिठ्ठीचे गणित

तीन चिठ्ठ्यांवर ७, ५ आणि ९ हे आकडे लिहा. चौथीवर त्यांची बेरीज, म्हणजे २१, लिहा. आता वाऱ्याने यांपैकी कोणतीही एक चिठ्ठी उडवून नेली, तरी उरलेल्या तिन्हींवरून तुम्ही तिच्यावरचा आकडा सांगू शकाल. मात्र दोन चिठ्ठ्या उडाल्या, की गणित तेथेच संपले!

माझ्या घरातील एका पेटीची सारी मदार याच गणितावर आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती पेटी अचानक कर्कश शिट्टी वाजवू लागली.

ही पेटी म्हणजे घरगुती सर्व्हर. तिच्यात प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क आहेत. घरातली छायाचित्रे, माझ्या तासांची टिपणे आणि आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांवर साठवल्या आहेत. ओव्यांच्या मूळ कॅसेट बुरशीने केव्हाच खराब झाल्या.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. माहिती लिहिणारे व वाचणारे टोक त्यांच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. असे नाजूक यंत्र कधीतरी बंद पडणारच. मग माहिती वाचवायची कशी? १९८८ साली अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धती मांडल्या. अशा जुळणीला 'रेड' म्हणतात.

संगणकाची भाषा ० आणि १ या दोनच अंकांची, म्हणून येथे बेरजेऐवजी त्याहून सोपा नियम चालतो : चारही डिस्कांवर मिळून १ या अंकांची संख्या सम असली पाहिजे. समजा, तीन डिस्कांवर १, ०, १ आहे. दोन एकांची संख्या समच, म्हणून चौथीवर ० लिहायचा. तीन डिस्कांवर १, १, १ असेल, तर चौथीवर १ लिहून चार एक करायचे. या जादा अंकाला 'समता-अंक' म्हणू. आता दुसरी डिस्क बंद पडली आणि उरलेल्यांवर १, १, १ दिसले, तर हरवलेला अंक १ च असणार! समता-अंकांना एका डिस्कएवढी जागा लागते, म्हणून माझ्या १६ टेराबाइटांपैकी १२ च वापरता येतात. हे समता-अंक आळीपाळीने चारही डिस्कांवर लिहिले जातात.

आता त्या रात्रीकडे वळू. पडद्यावर संदेश होता, 'डिस्क ३ निकामी'. प्रथम मी ओव्या व छायाचित्रे दुसऱ्या, वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतली. मग पेटी बंद करून तिसऱ्या कप्प्याला हात घातला. एवढ्यात नववीतली माझी मुलगी म्हणाली, "बाबा, यांनी शून्यापासून मोजलं असेल तर?"

मी चरकलो. डिस्कवरील अनुक्रमांक पडद्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तिचेच खरे होते. निकामी डिस्क चौथ्या कप्प्यात होती! मी तिसरी काढून पेटी सुरू केली असती, तर दोन चिठ्ठ्या एकदम उडाल्यासारखे झाले असते.

पण दोष डिस्कचा की तिला जोडणाऱ्या केबलचा? प्रयोगशाळेतला नियम असा, की शंका ज्या दोन गोष्टींवर आहे, त्यांची ताटातूट करावी. मी ती डिस्क दुसऱ्या संगणकाला, दुसऱ्या केबलने जोडली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. वाटेत माहिती बिघडल्याचा आकडा वाढला असता, तर मुख्य संशय केबलवर गेला असता. येथे तो शून्य होता. उलट खराब होऊन बदललेल्या जागांची संख्या शेकड्यांत होती आणि नव्या जोडणीतही वाचनात चुका येतच होत्या. दोष डिस्कबरोबर आला होता.

नवी डिस्क बसवली. आता उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचून चौथी पुन्हा लिहायची होती. सेकंदाला १५० मेगाबाइट वेग धरला, तर ४ टेराबाइटला किती वेळ लागेल? सुमारे २६,७०० सेकंद, म्हणजे जवळजवळ साडेसात तास. प्रत्यक्षात दहा लागले, कारण तबकडीचे आतले वर्तुळ लहान असते. त्याच काळात दुसरी डिस्क गेली असती तर? चारही डिस्क मी एकाच दिवशी विकत घेतल्या होत्या. त्यांचे वयही एकच! ते दहा तास मी दर थोड्या वेळाने पडद्याकडे पाहत होतो. सकाळी शिट्टी थांबली आणि हिरवा दिवा लागला.

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आजीच्या ओव्यांचे मूळ भाग अकरा होते, आज दहाच आहेत. त्याआधीच्या वर्षी एक भाग माझ्याच हातून चुकून पुसला गेला. तेव्हा चारही डिस्क ठणठणीत होत्या आणि त्यांनी माझी आज्ञा तंतोतंत पाळली! समता-अंक डिस्कच्या मरणापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून, आगीपासून किंवा चोरीपासून नाही. त्यासाठी वेगळी प्रत हवी आणि तीही दुसऱ्या घरी. आमची प्रत आता माझ्या बहिणीकडे असते.

करून पाहा : चार मित्रांनी प्रत्येकी आठ अंकांची एकेक ओळ लिहा; चौथी ओळ समता-अंकांची. एक ओळ फाडून टाका आणि वर्गाला ती शोधायला सांगा.