बेसिनच्या निचरा नळीतील प्रतिजैविकरोधी जीवाणू

रुग्णालयातील हात धुण्याच्या बेसिनखालील नळीत वाढणारे व अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू हे रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचे एक कारण आहे. क्लेबसिएला न्यूमोनिए व स्यूडोमोनास एरुजिनोसा हे त्यांतील प्रमुख होत.

वास्तव्य
दुर्गंधी रोखण्यासाठी नळीच्या वळणात नेहमी पाणी साचलेले असते. तेथे जीवाणू चिकट स्राव सोडून बुळबुळीत थर तयार करतात. त्यास जैवपटल म्हणतात. त्यातील जीवाणूंपर्यंत जंतुनाशक पुरेसे पोहोचत नाही. शिवाय हे जीवाणू प्रतिरोधाची जनुके परस्परांना देऊ शकतात.

प्रसार
अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पोषक द्रव्य मिळताच जैवपटल दररोज सुमारे २.५ सेंमी वर सरकून आठवडाभरात बेसिनच्या जाळीपर्यंत पोहोचले. जाळीवर नळाची धार पडल्यावर जीवाणू तुषारांसह आजूबाजूला उडाले.

भारतातील नोंदी
कार्बापेनेम ही गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली प्रतिजैविके आहेत. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांना त्यांना न जुमानणाऱ्या २४ पैकी २२ जीवाणूंत एनडीएम-१ जनुक आढळले (२०१०). पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतील साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत तेच जनुक मिळाले.

प्रतिबंध
हात धुणे हा संसर्ग रोखण्याचा मूलभूत उपाय असल्याने बेसिन टाळता येत नाही. मात्र त्यात उरलेले सलाईन, पेये किंवा औषधे ओतू नयेत. नळाची धार थेट जाळीवर पडू नये. रुग्णाची खाट व औषधे तयार करण्याची जागा बेसिनपासून दूर असावी. एकदा जंतुनाशक ओतल्यानंतरही जैवपटल पुन्हा वाढू शकते.