कादंबरी, निव्वळ आवडीची

कादंबरी हा सवडीने वाचायचा प्रकार मानला जातो, पण तिच्यासाठी वेगळी सवड काढून ठेवणारे वाचक थोडे. कथा चहा निवेपर्यंत वाचून होते, नाटकाला तीन तास पुरतात. चारशे पानांची कादंबरी मात्र आठवडा-दोन आठवडे घरात वावरते. दुपारची झाकपाक झाल्यावर वीस पाने, लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तर दहा, रात्री 'एवढे प्रकरण संपवतो' म्हणत आणखी चाळीस, असे तिचे वाचन चालते. मधल्या वेळात पुस्तक मिटलेले असले तरी गोष्ट थांबत नाही. भाजी निवडताना किंवा बसच्या रांगेत उभे असताना, नायिकेने त्या पत्राला काय उत्तर द्यावे, याचा घोळ वाचकाच्या डोक्यात चालू असतो. कादंबरीवाचनाचा रोजचा आनंद बराचसा या मधल्या वेळातच असतो.

मराठीत हा मधला वेळ कित्येक वर्षे संपादकांनीच ठरवून दिला होता. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते. ती विधवांच्या स्थितीकडे लक्ष वेधण्यासाठी लिहिलेली, म्हणजे हेतू आधी आणि गोष्ट नंतर. चार वर्षांनी आलेल्या लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाले'ने मात्र अद्भुत संकटे, ताटातुटी आणि पुनर्भेटी यांचा मोठा खजिना उघडला आणि पुढची काही वर्षे त्याच वळणाच्या कादंबऱ्यांचे पीक आले. समीक्षकांनी या अद्भुतरम्य कादंबऱ्यांना नंतर बरीच नावे ठेवली. ती ठेवताना एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. छापील गद्य केवळ मजा वाटते म्हणून वाचायची सवय मराठी माणसाला याच पुस्तकांनी लावली.

ही सवय पक्की झाली ती नियतकालिकांमुळे. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' (१८७१) ही पहिली ऐतिहासिक कादंबरी 'विविधज्ञानविस्तार' मासिकात क्रमाने आली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिकच काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून प्रकरणाप्रकरणाने वाचकांच्या हाती दिली. यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगणारा लेखक तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचा पुरुष होता, याची वाचताना आठवणही राहत नाही. पुढचा भाग हातात येईपर्यंत वाचकाला थांबावेच लागे आणि त्या थांबण्यात घरातल्या चर्चा, तर्क आणि हळहळ यांना पुरेसा वेळ मिळे. या पद्धतीचा तोटाही होता. अंकाच्या मुदतीसाठी भराभर लिहिलेल्या मजकुरात पाल्हाळ शिरे, आणि हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. तरी साप्ताहिकाला त्यांनी दिलेले नाव बोलके आहे. बोध करायचा तर तो करमणुकीच्या वाटेने, हा त्यांचा रोखठोक हिशेब होता.

समाजाचा हिशेब मात्र वेगळा होता. कादंबऱ्या वाचून मुली बिघडतात, मुलांचे अभ्यासातले लक्ष उडते, अशी तक्रार पिढ्यान् पिढ्या चालत आली. म्हणून कादंबरी भूगोलाच्या पुस्तकात ठेवून वाचली गेली, धान्याच्या डब्यामागे लपली, पांघरुणात बॅटरीच्या उजेडात संपवली गेली. चोरून वाचण्यात वेगळी गोडी असते हे खरे, पण या तक्रारीने मराठी वाचकाला एक अपराधी भावही चिकटवला. अजूनही एखादी कादंबरी आवडली असे सांगताना 'त्यातून बरेच शिकायला मिळते' ही पुस्ती जोडली जाते. त्या पुस्तीची काही गरज नाही.

या संशयाचे टोक कोर्टापर्यंत गेले. चंद्रकांत काकोडकर हे पन्नास-साठच्या दशकांतले कमालीचे वाचकप्रिय लेखक. त्यांच्या 'निलांबरी'वरून राजेश खन्नाचा 'दो रास्ते' निघाला. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा' या कादंबरीवर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. घराघरांत उशीखाली दडवलेले लेखन अश्लील आहे की नाही हे ठरवण्यासाठी देशाच्या न्यायमूर्तींना ते बारकाईने वाचावे लागले, हा योगायोग काकोडकरांच्या वाचकांना नक्कीच आवडला असेल.

चोरून वाचण्याला सर्वांत जास्त खाद्य पुरवले ते रहस्यकथांनी. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. खिशात मावणारे पुस्तक, मुखपृष्ठावर पिस्तूल किंवा घाबरलेली तरुणी आणि आत झुंजार, काळापहाड किंवा धनंजय. एका दुपारी एक पुस्तक संपे. नंतर गुरुनाथ नाईक, भयकथांत नारायण धारप आणि तरुणांचे लाडके सुहास शिरवळकर यांनी हा प्रवाह पुढे नेला. या पुस्तकांची भाषा झटपट, वाक्ये लहान, आणि प्रत्येक प्रकरणाचा शेवट पान उलटायला लावणारा. वाचनाचा वेग ज्याला म्हणतात तो हजारो मुलांना याच पुस्तकांतून आला. पुढे ज्यांनी 'रणांगण' किंवा 'कोसला' वाचली, त्यांतल्या अनेकांच्या आधीच्या उन्हाळी सुट्ट्या झुंजारच्या सोबतीत गेल्या होत्या. गंभीर साहित्याचा वाचक आकाशातून पडत नाही.

ही सगळी पुस्तके विकत घेणारे लोक थोडे होते. मराठी कादंबरी खऱ्या अर्थाने पसरली ती वाचनालयांमुळे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला आणि पुढे शासनमान्य वाचनालयांची संख्या अकरा-बारा हजारांच्या घरात गेली. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक न्यायचे, ही पद्धत शहरापासून तालुक्याच्या गावापर्यंत जवळपास सारखीच. देवघेव विभागात टेबलाच्या पलीकडे बसलेला ग्रंथपाल हा या व्यवहारातला कळीचा माणूस. कोणत्या आजींना ऐतिहासिक लागते, कोणत्या काकांना पोलिसी तपासाचे आवडते, आणि 'नवीन काय आलंय?' या प्रश्नाला कोणापुढे काय काढून ठेवायचे, हे चांगल्या ग्रंथपालाला तोंडपाठ असते. जिथे मुक्तद्वार पद्धत आहे, तिथे कपाटांमधून हिंडत पुस्तक हाताळून निवडण्याचे सुख वाचकाचे स्वतःचे.

वाचनालयातल्या कादंबरीला आणखी एक अंगभूत गोष्ट असते, आधी वाचून गेलेल्यांची सोबत. जाड पुठ्ठ्याची बांधणी, मऊ पडलेले कोपरे, परतीच्या तारखांची चिठ्ठी. चिठ्ठीवर तारखा दाटीवाटीने पडलेल्या असतील तर पुस्तक रंगणार हे न वाचताच कळते. समासात पेन्सिलने लिहिलेले शेरेही भेटतात: 'फारच छान', 'नायक मूर्ख आहे', त्याखाली दुसऱ्या अक्षरात 'तुम्ही मूर्ख'. नियमाने हा गुन्हा आहे, आणि शेवटच्या प्रकरणातल्या खुन्याचे नाव तिसऱ्याच पानावर लिहून ठेवणाऱ्याला तर क्षमा नाही. पण एकाच प्रतीवर अनोळखी माणसांनी घातलेला हा वाद वाचनाचे सुख वाटून घेण्याचा जुना प्रकार आहे.

शेवट आधी कळला की रहस्यकथेची मजा जाते, मग शेवट ठाऊक असलेल्या कादंबऱ्यांवर मराठी वाचकाचे एवढे प्रेम का? रणजित देसाई यांच्या 'स्वामी'तला (१९६२) माधवराव पेशवा थेऊरला क्षयाने जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे पहिल्या पानाआधीच माहीत असते. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाच्या रथाचे चाक रुतणार, यात कसली उत्सुकता? तरी या दोन्ही कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या. 'पुढे काय झाले' याची भूक भागलेली असली की 'त्या वेळी त्याला काय वाटले असेल' ही दुसरी भूक मोकळी होते. इतिहास किंवा पुराण घटना सांगून थांबते. घटनेच्या आदल्या रात्री माणूस झोपला का, हे कादंबरी सांगते. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण हेही आपापल्या तोंडाने बोलतात, आणि एकच माणूस सहा नजरांतून दिसू लागतो. इथे तक्रारीलाही जागा आहे. अलंकारिक भाषेचा सोस या परंपरेला जडला आणि पुढच्या अनेक नकलांमध्ये तर भाषाच उरली, माणसे हरवली. वाचकांनी त्या नकला फारशा लक्षात ठेवल्या नाहीत, हेही खरे.

रडवणाऱ्या पुस्तकातूनही आनंद मिळतो, हे कादंबरीचे वैशिष्ट्य खूप जणांना कोड्यात टाकते. यमूच्या वाट्याला आलेले वाचून डोळे न भरलेला वाचक विरळा. मार्जोरी किनन रॉलिंग्जच्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला 'पाडस' हा अनुवाद वाचताना ज्योडी आणि त्याचे हरणाचे पिल्लू यांचा शेवट कित्येकांनी पुस्तक दूर ठेवून, पुन्हा उचलून, असा टप्प्याटप्प्याने वाचला आहे. प्रत्यक्षातल्या दुःखात माणसाला काहीतरी करावे लागते: धावपळ, खर्च, सांत्वन. कादंबरीतल्या दुःखात यांतले काहीच करायचे नसते, फक्त जवळ बसायचे असते. त्या मोकळिकीतून येणारे रडणे मन हलके करते.

पुन्हा वाचणे हा या आनंदाचा पुढचा टप्पा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दीडशे पानांच्या आतली. शाळकरी वयात ती नव्या तरुण मास्तराची गोष्ट वाटते: धनगरांची वस्ती, कारभारी, शाळेला मुले मिळवण्याची खटपट. तीच चाळिशीत वाचली तर दुष्काळाने उठून गेलेली वाडी पुस्तकभर आधीपासून दिसू लागते. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'चेही (२००४) तसेच. नववीतला वाचक मुकुंदच्या बाजूने असतो, पालक झालेला वाचक मधूनमधून मास्तरांच्या आणि आईच्याही. पुस्तक तेच असते, वाचणारा बदललेला असतो. म्हणूनच घरात चार कादंबऱ्या विकतच्या असाव्यात. बाकीच्यांना वाचनालय आहेच.

आवड कोणाची कोणाशी जुळेल याचा नेम नसतो. पंचविशीतल्या भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) काहींनी वर्षानुवर्षे उशाशी ठेवली, काहींनी पन्नास पानांत मिटली. दोघेही वाचकच. आनंदासाठी वाचणाऱ्याला न जमलेले पुस्तक सोडून देण्याचा पूर्ण अधिकार आहे. वर्णनाची दोन पाने ओलांडून संवादाकडे जाण्याचाही आहे. परीक्षेला बसल्यासारखे पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत कष्टाने जाणे हा वाचनाची गोडी घालवण्याचा खात्रीचा उपाय. शाळांमधून मुलांकडून 'या पुस्तकातून काय बोध घेतला?' असे उत्तर लिहून घेतले जाते, त्याऐवजी 'कुठे हसू आले?' एवढे विचारले तरी पुष्कळ.

वाचनाची साधने आता वाढली आहेत. मोबाइलवर ई-पुस्तके आहेत, पोळ्या लाटताना कानात बोलक्या पुस्तकांतल्या मराठी कादंबऱ्या चालू असतात. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे असे काही जण नाक मुरडतात, पण एकाने मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे ही रीत मराठी घरांना मुळीच नवी नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमात शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे पाठवली जाते. महाराष्ट्राबाहेर आणि परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही अशा पेट्या पोहोचल्या आहेत. पेटी एका घरी येते, आसपासची मंडळी पुस्तके नेण्यासाठी तिथे जमतात, आणि पुस्तकाबरोबर त्यावरचे बोलणेही घरोघर फिरते.

ज्यांची सवय सुटली आहे त्यांनी जाड, नावाजलेल्या कादंबरीपासून सुरुवात करू नये. दोनशे पानांच्या आतली, कुणीतरी आवडीने सांगितलेली कादंबरी घ्यावी आणि ती हाताशी राहील अशा ठिकाणी ठेवावी. विकत घ्यायचीच असे काही नाही. बहुतेक सार्वजनिक वाचनालयांची महिन्याची वर्गणी आजही मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटापेक्षा कमी आहे.