षटकोनी टाकीचं झाकण घरी बनवताना

आजचा विषय तसा छोटा वाटेल, पण ज्यांच्या घरी पाणवनस्पतींची टाकी आहे त्यांच्या रोजच्या कामाचा आहे. आयताकृती टाकीला बाजारात तयार झाकण मिळतं. दोन फुटी, तीन फुटी, माप सांगा आणि घेऊन या. पण टाकी षटकोनी असेल, कोपऱ्यात बसणारी पाच बाजूंची असेल, तर दुकानदार हात वर करतो. मग लोक काय करतात? प्लायवूडचा तुकडा कापून वर ठेवतात आणि त्याला मधोमध एक दिवा अडकवतात. काही दिवसांनी कडेची झाडं खंगायला लागतात. उन्हाळ्यात सकाळी बघावं तर मासे पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात. असं का होतं ते समजलं, की झाकण कसं हवं हे वेगळं सांगावं लागत नाही.

आधी हवेचं बघू. २५ अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३० अंशांना तो ७.६ वर येतो. म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजन कमी आणि माशांची गरज मात्र जास्त. त्यात रात्री झाडं ऑक्सिजन सोडत नाहीत, उलट माशांसारखीच घेतात. अशा वेळी वरून हवा खेळती नसेल, तर पहाटेपर्यंत ऑक्सिजन अगदी तळाला जातो. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा: झाकणाचं काम टाकी बंद करणं नाही. दिवा, हवा आणि वीज पाण्याच्या वर नीट मांडून ठेवणं, हे त्याचं काम.

आता मापं. समजा तुमच्या षटकोनाची प्रत्येक बाजू ३० सेंमी आहे. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ६० सेंमी, पण बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंत फक्त ५२ सेंमी. उंची ६० सेंमी असेल तर पाणी साधारण १४० लिटर. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात हाताने जोडलेल्या टाकीच्या सहा बाजू सारख्या नसतात, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. त्यामुळे आकडे घेऊन सुताराकडे जाऊ नका. टाकीवर मोठा पुठ्ठा ठेवा, खालून काचेच्या बाहेरच्या कडेला लागून पेन्सिल फिरवा. त्या रेषेच्या आत काचेच्या जाडीइतकी दुसरी रेषा काढा आणि तिच्यावर कापा. हा पुठ्ठा टाकीत अलगद बसला पाहिजे. पुढची बाजू कुठली, त्यावर बाण काढून ठेवा. पुठ्ठा उलटा झाला तर मापं फसतात.

सामान कुठलं? प्लायवूड वाफेने फुगतं. पातळ अ‍ॅक्रिलिकला एका बाजूने दमट आणि दुसऱ्या बाजूने कोरडी हवा लागली की ते वाकतं. त्यापेक्षा पाट्या बनवणारे वापरतात ते पीव्हीसीचं फोम शीट घ्या, ५ मिलिमीटरचं. कटरने कापता येतं, पाणी पीत नाही. भिंतींच्या सहा पट्ट्या १५ सेंमी उंचीच्या करा. षटकोनाचा आतला कोन १२० अंशांचा, म्हणून प्रत्येक टोकाला ३० अंशांचा तिरका काप द्या. पाइप जोडायच्या पीव्हीसी सॉल्व्हंटने जोडा आणि टाकीवर ठेवण्याआधी दोन दिवस मोकळ्या हवेत वाळू द्या.

भिंती काचेच्या कडेवर उभ्या राहतील. आतून खालच्या बाजूला सगळीकडे एक पट्टी चिकटवा, ती काचेच्या आत दोन सेंमी उतरली पाहिजे. झाकणाला आतून धरलेलं पाणी या पट्टीवरून परत टाकीतच ठिबकतं. ही पट्टी नसली तर तेच पाणी काचेवरून बाहेर ओघळतं आणि खाली विजेचा बोर्ड असतो.

दिव्याकडे येऊ. एकच पट्टी मधोमध लावली तर पुढची आणि मागची बाजू अंधारात राहते. तीन ओळी करा. मधली कोपरा ते कोपरा, ५० सेंमीची. तिच्या दोन्ही बाजूंना १५ सेंमी अंतरावर षटकोनाची रुंदी जवळपास ४३ सेंमी उरते, तिथे ३५ सेंमीच्या दोन. एलईडीच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलवर चिकटवा, म्हणजे उष्णता निघून जाते. हे चॅनेल भिंतींच्या खाचांत नुसते ठेवायचे, वरच्या पत्र्याला लावायचे नाहीत. मग झाकण उघडताना वायरी ओढल्या जात नाहीत. बिजागरी कोपरा ते कोपरा रेषेवर घ्या, म्हणजे पुढचा अर्धा भाग उघडतो आणि ओळींच्या मधून हात आत जातो. टायमर लावून सात-आठ तास उजेड पुरे. क्रिप्टोकोरीनसारखी झाडं, जी आपल्या कोकणातल्या ओढ्यांतही उगवतात, त्यांना फार प्रखर उजेड लागतच नाही.

उन्हाळ्यासाठी मागच्या भिंतीत १२ व्होल्टचा छोटा संगणकाचा पंखा बसवा. त्याने बाहेरची कोरडी हवा आत ढकलावी. उलटा लावला तर दमट हवा त्याच्यातूनच जाते आणि तो लवकर गंजतो. समोरच्या भिंतीला तेवढंच तोंड ठेवा, त्याला मच्छरदाणीची जाळी लावा. हे म्हणजे माठाचंच तत्त्व. आपल्या १४० लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने उतरवायला ढोबळ हिशोबाने पाव लिटर पाणी उडून जावं लागतं. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे छान चालतं, मुंबईच्या दमट हवेत कमी. उडालेलं पाणी भरताना मात्र बोअरचं वापरू नका. वाफ होताना क्षार मागेच राहतात, त्यात नव्यांची भर पडते. फिल्टरचं आरओ पाणी घाला.

आता सर्वात महत्त्वाचं. २३० व्होल्टची वायर झाकणात न्यायचीच नाही. अडॅप्टर बाहेर, आत फक्त १२ व्होल्ट. एलईडीच्या पट्टीची कापलेली टोकं न्यूट्रल सिलिकॉनने बंद करा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून येणारा थेंब खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. आणि फिल्टर, हीटर थेट विजेवर चालतात, म्हणून त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. टाकीत हात घालण्याआधी मुख्य बटण बंद, हा नियम घरातल्या लहानांनाही शिकवा.

श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आलीय: 'जपानचे ताकाशी आमानो तर टाक्या उघड्या ठेवायचे, मग झाकण कशाला?' बरोबर आहे. उघडी टाकी सुंदर दिसते आणि हवाही भरपूर मिळते. पण झेब्रा डॅनिओसारखे मासे उडी मारतात, घरात मांजर असतं, छतावर पाल असते. मासे उडी न मारणारे असतील आणि घर तसं शांत असेल, तर जरूर उघडी ठेवा.

झाकण ठेवणार असाल तर पहिले तीन दिवस थर्मामीटर पाण्यात ठेवा. सकाळी दिवा लागायच्या आधी आणि रात्री बंद होताना तापमान लिहून काढा. दोहोंत दोन अंशांपेक्षा जास्त फरक दिसला, किंवा सकाळी मासे वर आलेले दिसले, तर भोकं वाढवा. फोम शीटला भोक पाडायला पाच मिनिटं लागतात.