घोडकाठचे जळके दाणे

निमोणे आणि इनामगाव ही दोन्ही शिरूर तालुक्यातली, घोड नदीच्या पट्ट्यातली गावं. इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या देखरेखीखाली इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव मातीतून वर आलं. घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुलं आणि चार पायांच्या रांजणात बसवलेला माणूस यांची चित्रं पुष्कळांनी पाहिली. तिथल्या जळक्या धान्याची मात्र फारशी कुणी वास्तपुस्त करत नाही, आणि ते मला खटकतं. त्या लोकांनी काय पेरलं, कशावर वर्ष काढलं, हे रांजण सांगत नाही; दाणा सांगतो.

दाणा इतकी वर्षं टिकतो कसा? कच्चं धान्य कुजतं, त्याला कीड लागते. पण चुलीत सांडलेला किंवा आगीत होरपळलेला दाणा कोळसा होतो, आणि कोळशाला ना बुरशी खाते ना किडा. खणलेली माती पाण्यात कालवली की ती तळाला बसते आणि हा हलका कोळसा वर तरंगतो. तो बारीक चाळणीवर धरायचा, सावलीत वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली आजच्या दाण्यांशी ताडून पाहायचा. जव दोन्ही टोकांना निमुळता, गहू पाठीला फुगीर. जळताना दाणा फुगतो, त्याचा आकार बदलतो, त्यामुळे नुसत्या मापावर भरवसा ठेवता येत नाही. शेकडो दाणे पाहिलेली नजरच लागते. डेक्कन कॉलेजचे पुरावनस्पतीशास्त्रज्ञ एम. डी. काजळे यांनी ही नजर इनामगावच्या धान्याला दिली.

त्यातून दिसलं की मुख्य पीक जवाचं होतं. आज या तालुक्यात भाकरी बाजरीची किंवा ज्वारीची, आणि ही दोन्ही धान्यं मूळची आफ्रिकेची. जव कमी पाण्यात, थोड्या खारट जमिनीतही तग धरतो. पर्जन्यछायेतल्या गावाने तो धरला यात नवल नाही. जवाबरोबरच्या गव्हाला मात्र पाणी हवं. इनामगावला दगडमातीचा बांध आणि पाट सापडला आहे, तो या दाण्यांशेजारी ठेवून वाचला पाहिजे. जव, गहू, मसूर, वाटाणा पश्चिम आशियातून आलेले. हुलगा इथल्या भूमीतला. घोडच्या काठी ही दोन्ही घराणी एकत्र नांदली.

इसवी सनापूर्वी १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शिकारीवर भर वाढला. ढवळीकरांनी यामागे कोरडं होत गेलेलं हवामान पाहिलं. सगळ्या अभ्यासकांना हा अर्थ पटलेला नाही आणि वाद चालू राहणं योग्यच आहे, कारण जळका पुरावा अपुराच असतो. पालेभाज्या आणि कंद सहसा असे टिकत नाहीत. विस्तवाजवळ गेलेलं तेवढंच हाती येतं. म्हणूनच अशा आणखी गावांची माती तपासायला हवी.

आणि नेमकी तीच संपते आहे. जुन्या वस्तीची पांढरीची माती खत म्हणून शेतात टाकायची चाल महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्यांची. ती माती पिकाला मानवते, हे खरं. पण एका ट्रॉलीत चुली, राख आणि दाणे सगळे एकत्र मिसळतात, आणि कुठला दाणा कुठल्या थरातला हे पुन्हा कधीच कळत नाही. निमोणे, न्हावरे भागातल्या शेतकऱ्यांना एवढंच मागणं आहे: खापरं आणि राख लागणाऱ्या टेकाडावर जेसीबी घालण्याआधी पुण्याला डेक्कन कॉलेजला कळवा.