शुश्रूषेच्या विद्यार्थ्यांस शब्दांची ओळख

आमच्या शाळेंतून बाहेर पडून शुश्रूषेचा अभ्यास करूं लागलेल्या मुलामुलींची पहिल्या सहामाहींतच एक तक्रार येते : "सर, शरीर समजतें, पण शब्द समजत नाहींत." ही भीति अकारण आहे, असें आम्हांस वाटतें. वैद्यकांतील बहुतेक लांब शब्द घोकावयाचे नसून फोडावयाचे असतात. ज्यास समास सोडवितां येतो, त्यास हे शब्दहि सोडवितां येतील.

उदाहरण दूर शोधावयास नको. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला व पुढील वर्षीं तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. ग्रीक भाषेंत 'अँटि' म्हणजे विरुद्ध व 'बायॉस' म्हणजे जीवन. जंतूंच्या जीवनास विरोध करणारें तें अँटिबायोटिक. आपला 'प्रतिजैविक' हा शब्द ह्याच रीतीनें बनला आहे. १९६१ च्या सुमारास त्याच कारखान्यांतील संशोधकांनीं बुरशीजन्य रोगांवर 'हॅमायसिन' हें औषध शोधिलें. तें ज्या सूक्ष्म जीवापासून मिळालें, त्यास 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना' असें नांव आहे. आपल्या गांवाचें नांव ज्या भाषेंत जाऊन बसलें, ती परकी कां समजावी ?

आतां शब्दाचे अवयव पाहूं. इंद्रियाचें नांव हें मूळ : 'कार्डि' हृदय, 'हेपॅट' यकृत, 'नेफ्र' मूत्रपिंड. त्यास काय झालें, तें शेवटचा प्रत्यय सांगतो. 'आयटिस' म्हणजे दाह, म्हणून हेपटायटिस म्हणजे यकृतदाह. 'एक्टमी' म्हणजे कापून काढणें, म्हणून नेफ्रेक्टमी म्हणजे मूत्रपिंड काढणें. आरंभींचा उपसर्ग बहुधा प्रमाण सांगतो : 'टॅकि' जलद, 'ब्रॅडि' मंद.

ह्या उपसर्गांत दोन फार जपून ऐकावे. 'हायपर' म्हणजे अधिक व 'हायपो' म्हणजे उणें. पहिला आपल्या 'उपरि' शब्दाचा भाऊबंद व दुसरा 'उप'चा, एवढें ध्यानांत ठेविल्यास विसर पडणार नाहीं. चाकणच्या एखाद्या कारखान्यांत रात्रपाळीचा मधुमेही कामगार इन्शुलिन टोंचून घेतो आणि जेवण चुकवितो. त्यास घाम सुटतो, कापरें भरतें, बोलणें असंबद्ध होतें. रक्तांतील साखर ७० च्या खालीं गेली, म्हणजे ती हायपोग्लायसेमिया. शुद्धीवर असल्यास त्यास तत्काळ साखर द्यावयाची. परंतु घाईंत कोणीं 'हायपर' ऐकून आणखी इन्शुलिन दिलें, तर त्याचा प्राणहि जाईल. म्हणून तोंडी आज्ञा मिळाल्यास ती लिहून घ्यावी, मोठ्यानें वाचून दाखवावी व साखरेचा आंकडाहि विचारावा.

शब्द समजला, तरी काम अर्धेंच झालें. आमच्या परिचयाच्या एका आजीबाईंस एका रुग्णालयांत "थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे" एवढेंच सांगण्यांत आलें. चांगलें झालें असें समजून त्या समाधानानें घरीं गेल्या, व क्षयाचें औषध सुरू होण्यास आठवडा उशीर झाला. "आजी, थुंकींत क्षयाचे जंतु सांपडले आहेत, औषध आजच घ्यावयाचें," असें कोणीं म्हटलें असतें तर ?

तेव्हां विद्यार्थ्यांनीं वहीचे दोन रकाने करावे. एकांत डॉक्टरांचा शब्द लिहावा, व दुसऱ्यांत तोच अर्थ आपल्या आजीस कळेल अशा मराठींत. दोन्ही रकाने भरल्यावांचून तो शब्द आला, असें समजूं नये.